लाल फडक्यातली कादंबरी

मी एक कादंबरी बोलतेय. हसू नका, पण माझ्या पुठ्ठ्यावर बोटभर हळदकुंकू चढलेलं आहे. पोथीचा मान मिळाला मला, आणि तो जन्मभर बोचला.

माझ्या पोटात काही गहन नाही. एका लहानशा गावातली पोस्टमास्तरांची लेक आणि सायकलवरून हिंडणारा कंपाउंडर यांचं मोगऱ्याच्या रोपावरून भांडण होतं. ती रुसते, तो साठ पानं तिची समजूत काढत फिरतो. बस्स! छापखान्यात खिळे जुळवणारासुद्धा गालात हसत होता.

छत्तीस साली कोंडूने मला कल्याणहून आणलं आणि बहिणीच्या लग्नात तिच्या ट्रंकेत घातलं. ही गिरजा. मुरबाडच्या शाळेत चौथी शिकलेली. सासर डोळखांबच्या वरच्या अंगाला, एका पाड्यात. नवरा धाऊ आसनगावला रेल्वेच्या लायनीवर, महिन्या-दीड महिन्याने घरी यायचा. घरात ती आणि सासू सकुबाई, दोघीच.

पहिल्याच आठवड्यात सासूने तिला माझ्यासकट पकडलं.

"पोथी हाय का गो?"

गिरजा घाबरली. तिने मान हलवली.

झालं! मी लाल फडक्यात गेले, देवळीत बसले. दुपारी गिरजा मला सोडी तेव्हा सकुबाई समोर हात जोडून बसे आणि अर्धा तास सुनेला कामाला हाक मारत नसे. "मोठ्यानं वाच ना गो," म्हणाली, तर गिरजाने सांगितलं, "ही मनातच वाचायची असते, आत्याबाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिरजाला माझ्यात काय दिसलं? त्या घरात रुसायची सोय नव्हती. रुसावं, तर समजूत काढायला कोण? माझ्या गावात कुणी आजारी पडत नव्हतं, माणसं दिवेलागणीला घरी येत. तेवढ्यापुरती ती तिथे जाऊन बसायची.

शेवटचं प्रकरण मात्र तिने कधी वाचलं नाही. पोथी संपली की समाप्ती करायची, पाडा जेवायला घालायचा, खालच्या गावातल्या मास्तरांना बोलवायचं, असं सासूने ठरवून टाकलं होतं. मास्तर आले की बिंग फुटणार! सकुबाईला अक्षर येत नव्हतं, पण किती पानं उरली यावर तिचा डोळा असे. मग शेवट जवळ आला की गिरजा काहीतरी थाप मारून पुन्हा पहिलं पान काढी. अशी पाच वर्षं गेली.

भाद्रपदात तिला हिवतापाने धरलं. तिसऱ्या आठवड्यात शहापूरला न्यायला गाडी जुंपण्यातही अर्थ उरला नाही. सकुबाईने एकच धोशा लावला, "पोथी अर्धी ठेवून जाऊ नये मानसानं." आणि तिने मास्तरांना आणलं.

मास्तरांनी फडकं सोडलं. गिरजाने डोळे उघडले. कोंडीत सापडलेल्या पाखरासारखे ते डोळे मी विसरणार नाही. मास्तरांनी माझं पहिलं पान पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शेवटचं प्रकरण काढून ते मोठ्याने वाचू लागले.

सायकल आली, मोगरा आला. सकुबाईचे जोडलेले हात हळूहळू मांडीवर उतरले.

"यात देव नाय ना कुटं?"

"नाही, सकुबाई."

"चुकलं माजं, आत्याबाई," गिरजा पुटपुटली.

सकुबाईने तिच्या कपाळावर हात ठेवला. "गप ऱ्हा गो. वाचा मास्तर. तो तिची समजूत काढतो का नाय, आयकू दे तिला."

तो तिच्या अंगणात पोचला होता. दोनच पानं उरली होती, तेवढ्यात गिरजाचा श्वास थांबला.

धाऊ तिसऱ्या दिवशी आला.

त्यालाही आता सात वर्षं झाली. मी कोण ते कळूनसुद्धा सकुबाई मला रोज हळदकुंकू लावते. वाळवी माझ्या पाठीत शिरली आहे. तिने सगळं खावं, ती दोन पानं तेवढी सोडावी, एवढंच माझं मागणं आहे.

दुपारी सकुबाई मला सोडते आणि तीच दोन पानं उघडून, गिरजाचं अंथरूण होतं त्या कोपऱ्याकडे धरून बसते.

"वाच गो," म्हणते, "मनातच वाच."