कासवांच्या दारात गोगलगायीचा रुमाल

इटलीतल्या आमच्या सिएनात नवरा-बायको वर्षभर एका ताटात जेवतील, पण पेठांच्या घोडेशर्यतीचे चार दिवस एका छपराखाली राहणार नाहीत. मी गोगलगाय पेठेची, नवरा नेरी कासव पेठेचा. हसू नका, घोडे आमचे वाऱ्यासारखे पळतात. आणि दोन्ही पेठांमधून विस्तव जात नाही. म्हणून ऑगस्टात मी आठ महिन्यांच्या विओलाला कडेवर घेऊन माहेरी निघाले.

भांडण तिच्यावरूनच होतं. पोरीला पेठेच्या कारंज्याचं पाणी अजून लागलं नव्हतं, गळ्यात रुमाल पडला नव्हता; म्हणजे ती अजून कुठल्याच पेठेची झाली नव्हती. सासूबाई म्हणत, "बापाची पेठ तीच पोरीची. विचारायचं काय त्यात?"

शेवटी नेरीनेच तोड काढली. "यंदा जी पेठ जिंकेल, तिची पोर."

"कबूल. मग रडत बसू नकोस हं!"

तिसऱ्या, शेवटच्या फेरीला, सान मार्तिनोच्या वळणावर, आमचा स्वार भिंतीला लावलेल्या गादीवर आपटला. पुढे कासवांचा घोडा होता. पण आमची घोडी थांबली नाही. कपाळावरचा तुरा जागेवर असला की स्वाराविनाही घोडा जिंकतो, आणि तुरा जागेवरच होता. मानभर अंतराने ती पुढे गेली! मी अशी किंचाळले की विओलाने भोकाड पसरलं.

आई म्हणाली, "आठवडाभर राहा. तिकडचं डोकं निवू दे."

मी कशाला राहू? दुसऱ्या दिवशी पोरीला कारंज्याचं पाणी लावलं, गळ्यात लाल-पिवळा रुमाल बांधला आणि कासव पेठेतून भर रस्त्याने घरी आले. खिडक्या धाडधाड बंद झाल्या. दारात सासूबाई उभ्या, मागे मान खाली घालून नेरी.

"पाठीवर माणूस नाही, काही नाही. हा कसला विजय?" सासूबाई म्हणाल्या.

"हाकायला कोणी नव्हतं, तरी पहिली आली. माझ्या लेकीला हीच पेठ हवी."

"रुमाल काढ, मग उंबरा ओलांड."

"मी नाही काढणार. तुम्ही काढा."

त्यांचा हात रुमालापर्यंत आला. पण त्याही सिएनाच्याच. त्यांच्या गळ्यातल्या रुमालाला कोणी बोट लावलं असतं, तर त्यांनी त्याचं थोबाड फोडलं असतं. हात मागे गेला. त्या बाजूला सरकल्या.

"दूध तापवलंय," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी. तुझ्यासाठी नाही."