उणे दीड

भिंगाच्या लाल कडेवर बोटाचा ठसा राहिला होता, तो पुसता पुसता कडेवर कोरलेला आकडा – उणे दीड – तिनं वाचला, आणि सहज, अगदी सहजच, ते भिंग एका डोळ्याशी धरून, दुसरा मिटून, बाबांच्या चष्म्याच्या दुकानातून बाहेर बघितलं... तर समोरची शिंपीण तिच्याकडे बघून हसली.

हसली म्हणजे हसत होतीच, बहुतेक कधीपासून. भिंग खाली – मशीनमागे एक निळसर डाग. भिंग वर – बाई! भुवया, ओठांत धरलेल्या टाचण्या, आणि टाचण्या सांभाळत केलेलं तिरकं हसू. खाली, वर, खाली, वर... इतकी वर्षं ही बाई हसत होती आणि आपण तोंड वळवून जात होतो? अगं बाई! मला वाटायचं, लांबचं सगळ्यांनाच असं पुसट दिसतं, आणि बाकीचे हुशार असतात म्हणून ओळखतात.

हुशार. हा शब्द खडा लागावा तसा लागला. सहावीत फळ्यावरच्या नवांचे वहीत एक झाले होते, तेव्हा गणिताच्या बाई म्हणाल्या होत्या, “डोळे आहेत की बटणं?” आणि बाबा शाळेत येऊन छाती काढून म्हणाले होते, “डोळ्यांचं नाव काढू नका हो, मी स्वतः तपासतो दरवर्षी. घारीची नजर आहे. लक्ष नसतं, एवढंच.” झालं. डोळे चांगले, म्हणजे बिघाड आत, डोक्यात. तेव्हापासून तिनं वर्गात हात वर करणं सोडलं होतं.

पण तपासणी म्हणजे काय, तर मागच्या खोलीत खुर्चीच्या डोक्यावर उलट्या अक्षरांचा तक्ता, समोर भिंतीवर आरसा. खोली लहान, म्हणून आरशातून वाचायचं, अंतर दुप्पट होतं. त्या तक्त्यावरची धूळ ती चार वर्षांची असल्यापासून झटकत आली होती. पहिलीत तिनं ‘ग’ उलटा काढला होता तो त्यातूनच शिकून! ग, प... मग र, म, ट... शेवटच्या ओळीपर्यंत पाठ. बाबा म्हणायचे “वाच”, की ही सुटायची घडाघडा. यात लबाडी आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. वाचणं म्हणजे हेच, असं वाटायचं.

मागच्या खोलीत बाबांचं नेहमीचं चालू होतं, एका ट्रकवाल्या काकांपुढे. “डोळ्यात पुढे भिंग, मागे पडदा. उजेड वळून नेमका पडद्यावर जुळला, की चित्र लख्ख. डोळ्याचा गोळा जरा लांबट असला की उजेड अलीकडेच जुळतो, पडद्यावर पोचेतो विस्कटतो. मग उणे नंबरचं भिंग लावायचं, ते उजेडाला आधीच थोडं फाकवतं...”

हे मी झोपेतही म्हणेन! हजारदा ऐकलंय. आणि तरी... म्हणजे माझ्या डोक्यात काही कमी नाहीच? उजेडच जरा अलीकडे थांबतोय? तिला एकदम नाचावंसं वाटलं. आणि लगेच मनात आलं – बाबांना हे सांगायचं कसं? शाळेत जाऊन बोललेला माणूस तो...

“चष्मा-बिष्मा नको हो,” काका म्हणत होते, “गाडीवर पोरं आजोबा म्हणतील. ही खालची ओळ कुणालाच दिसत नसणार.”

“कुणालाच? ए घारे, इकडे ये! बस खुर्चीत. दाखव काकांना.”

ती बसली. आरशात तक्ता. ग, प... आणि त्याखाली मुंग्या, कुणीतरी बोटानं फरफटलेल्या. जिभेवर सगळ्या ओळी तयार, एक सुटली की पुढची आपोआप. बाबा कौतुकानं उभे. म्हणून टाकावं का आज, मग सावकाश, काका गेल्यावर...

“ग, प,” ती म्हणाली. थांबली.

“पुढे?”

“पुढचं दिसत नाही, बाबा.”

“चेष्टा पुरे. वाच.”

“वाचत नव्हतेच कधी. पाठ आहे मला. पहिल्यापासून पाठच आहे.”

काका खुदकन हसले. बाबा जवळ आले, तिच्या तोंडाशी वाकले. पण चाळिशी कपाळावर सरकवलेली, त्यामुळे त्यांना जवळचं काही धड दिसेना, तसे ते एक पाऊल मागे सरकले, मग आणखी अर्धं. इतक्या अंतरावरून तिला त्यांची प्रत्येक सुरकुती स्वच्छ दिसत होती. ते रागावलेत की घाबरलेत, ते मात्र कळत नव्हतं... आणि गंमत म्हणजे तिला तेही चालणार होतं.

“काय म्हणालीस?” बाबांनी हळूच विचारलं.

मी ताठ बसले. परत सांगायचं होतं, आणि या वेळी मोठ्यानं.