जेऊरच्या शिवारातलं भात

जेऊरच्या शिवारात भात लावणारी बाई म्हणजे संघप्रिया, आणि तिला हसलं नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. हसतील नाही तर काय? इथला पाऊस लहरी. आला तर आला, नाहीतर महिना-महिना तोंड दाखवत नाही. म्हणून तर पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, काळ्या मातीला पोटभर पाणी पिऊ द्यायचं आणि भाद्रपद सरता सरता ज्वारी पेरायची, अशी इथली रीत. मग वरून थेंब पडो न पडो, जमिनीतल्या ओलीवर ज्वारी उभी राहते. अशा रानात भात लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

संघप्रिया महाडकडची. यशपालशी लग्न होऊन इकडे आली त्याला दहा वर्षं झाली. यशपाल रेल्वेत नोकरीला, त्यामुळे रान बघायची ती त्याची आई, शालनबाई. बाई तोंडाने फटकळ, पण पोटात काही ठेवणारी नव्हे. सुनेने बांधाखालचा सखल कोपरा मागितला तेव्हा म्हणाली, "घे. तीन वर्सं तुला. साळ आली तर कोपरा तुजा, न्हाय तर माजी ज्वारी."

कशाला हवाय, हे तिने विचारलं नाही आणि संघप्रियाने सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? माहेर तुटलं होतं असं थोडंच होतं? दर मे महिन्यात ती मुलांना घेऊन जायची, आंबे-फणस खाऊन यायची. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. पण मे महिन्यात कोकणातली शेतं म्हणजे नुसती भाजलेली ढेकळं. पावसात मुलांची शाळा, आणि भर पावसात सुनेला माहेरी धाडायची पद्धतच नव्हती. लग्नानंतर तिने हिरवं भात एकदाही पाहिलं नव्हतं. पोटरीभर चिखल, पाठीवर पाऊस, हातात रोपांची मूठ आणि शेजारच्या ओळीत वाकलेले बाबा. हे इतकं आठवायचं की भाकरी थापता थापता तिचे डोळे भरायचे. धूर गेला, म्हणायची. घरात गॅस होता.

पहिल्या वर्षी श्रावणात पावसाने दडी मारली आणि कोपऱ्याला भेगा पडल्या. दुसऱ्या वर्षी तिने विहिरीचं पाणी घागरीने वाहिलं, तर लोंब्या आल्या त्या फोल. शालनबाई म्हणाली, "हट्टानं पीक येत न्हाय गं. काय पेरायचं ते आदी मातीला इचारावं."

यंदा तिसरं वर्ष, आणि यंदा आभाळच फाटलं. कुणी कुणी पेरलेला उडीद कुजला, तूर उभ्या उभ्या पिवळी पडली, सीना नदीकाठच्या गावांत तर घराघरांत पाणी शिरलं. शालनबाई रोज सकाळी रानात जाऊन मातीचा गोळा दाबून बघायची. तो हातात मोकळा झाला म्हणजे पेरायची वेळ आली. दिवाळी आली तरी गोळा मोकळा होईना. आणि तिकडे कोपऱ्यात भात कमरेएवढं. संघप्रियाला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. गाव कपाळाला हात लावून बसलेलं असताना आपल्याच पिकाने डोलावं, हे काही खरं नव्हे. कुणी नसेल तेव्हा ती बांधावर जाऊन बसायची.

शालनबाई शब्दाला जागली. "कोपरा तुजा," म्हणाली.

भात घरात आलं. जुनी ज्वारी सरत आली होती, म्हणून दोन्ही वेळा भातच शिजू लागला. मुलं खूश होती. शालनबाई काही दिवस मुकाट्याने जेवली आणि एका दुपारी ताटावर नुसतीच बसून राहिली.

"आत्या, कच्चा राहिला का?"

"न्हाय की. ग्वाड लागतोय. पोट बी भरतंय. पर जेवल्यावानी वाटंना." मग तिने सुनेकडे नीट बघितलं. "तुला हितं असंच वाटतं व्हय गं? रोज?"

दहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. 'नाही' म्हणायला संघप्रियाने तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं.

"भाताचं नाही हो आत्या," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "तांदूळ काय, दुकानातही मिळतो. मला लावणीला जायचंय. बाबांच्या शेतात."

"कवा असती ती?"

"आषाढात."

"आखाडात?" शालनबाईने कपाळावर हात मारला. "आखाडात आपलं रान मोकळंच असतंय की. अगं येडे, तुजी साळ तितं, माजी ज्वारी हितं. एकमेकीच्या येळंत कुटं येत्यात त्या? पोरांचं यशपाल बगंल. लाव फोन बापाला."

संघप्रियाने उष्ट्या हातानेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "बाबा, पुढच्या पावसात लावणीला येते मी."

म्हातारा एरवी फोनवर ओरडून बोलायचा. आज त्याचा आवाज एकदम खाली आला.

"कसली लावणी, बाय," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, शेत पडच आहे. गावात माणूस उरला नाही, एकट्याने काय लावू? तुला सांगितलं नाही. मे महिन्यात लावलेलं काय आणि पड काय, सारखंच दिसतं."

शालनबाईने तिच्या हातातून फोन घेतला.

"पावनं, बी पेरून ठिवा. दोन मान्सं येत्यात हितनं. मला लावाय येत न्हाय, तुमची लेक शिकवंल. पर पेरनीला आमाला माघारी यावं लागंल. ज्वारी कुनासाटी थांबत न्हाय."



"नक्की येताय ना?" बाबांनी विचारलं. "मग मी आजपासूनच वाट बघायला लागतो."