एका खिळ्यावरचा बाण

मी एक लाकडी बाण बोलतोय. धनुष्याचा नव्हे, रस्त्याचा. आजवर मी कोणाला लागलो नाही, पण माझ्यामुळे दमलेली माणसं बरीच आहेत. त्यांत एक मोठे साहेबही आले, म्हणून ही हकीकत सांगण्याजोगी झाली.

माझा जन्म अहेरीकडच्या जंगलातला, सागाच्या घराण्यातला. माझ्या खोडाचे सरळ भाग चौकटींना गेले. एक भाऊ नागपुरात कोणाच्या तरी बंगल्यात आरशाचं टेबल होऊन बसला आहे म्हणतात. मी गाठीचा निघालो, म्हणून मागे उरलो. उरलेलं लाकूड एकतर चुलीत जातं, नाहीतर सरकारी कामाला येतं. मी सरकारी कामाला आलो.

श्रावण सुतारानं मला एका बाजूनं टोक काढलं, पिवळा रंग फासला आणि चिमूरच्या पलीकडे एका राष्ट्रीय उद्यानात पाठवून दिलं. तिथे नवी पायवाट आखली होती. विश्रामगृहाच्या मागून निघायचं, अर्धी वाट जंगलातून, अर्धी तलावाच्या काठानं चालायचं आणि सात किलोमीटरांनी पुन्हा निघालो तिथेच यायचं. एवढं चालून माणसानं कुठेच पोचू नये, ही कल्पना गावातल्या लोकांना बराच काळ पटली नव्हती. पण शहरातली माणसं त्यासाठी खास बूट घालून येत.

वाटेची दोन्ही टोकं जिथे मिळत, त्या फाट्यावर एक खांब रोवला. ‘फेरीची वाट’ ही अक्षरं खाली वेगळ्या पाटीवर लिहिली आणि मला वर ठोकलं. माझ्यासाठी दोन खिळे मंजूर होते. दुसऱ्यावर विश्रामगृहातलं कॅलेंडर लटकलं. त्यामुळे मी एका खिळ्यावर उभा राहिलो. वाऱ्यानं हलणार नाही इतका घट्ट, आणि बोटानं फिरवला तर फिरेन इतका सैल. पुढचं सगळं त्या खिळ्यानं घडवलं.

नकाशात वाट उजवीकडून निघत होती. नकाशा नागपूरहून मंजूर होऊन आला होता, त्यामुळे गार्ड वामनराव यांच्या दृष्टीनं उजवी बाजू हीच एक बाजू होती. पण तलावाच्या काठी, वाटेच्या आतल्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला देव होता. देवाभोवती फिरायचं तर देव उजव्या हाताला हवा. म्हणजे निघायला हवं डावीकडून. हे इथल्या प्रत्येकाला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक. नकाशा काढणाऱ्याला मात्र देवाची जागा कोणी कळवली नव्हती.

विश्रामगृहाचं अंगण झाडणारी सोमारी रोज सकाळी झाडता झाडता माझ्यापाशी येई आणि दोन बोटांनी मला डावीकडे वळवी. संध्याकाळी वामनराव गस्तीवरून परतताना मला उजवीकडे वळवीत. तीन वर्षं हे चाललं. दोघं रोज एकमेकांना भेटत, पाण्यापावसाचं बोलत, पण माझा विषय कोणी काढला नाही. सरकार आणि देव यांच्यात इतकी शांतता मी दुसरीकडे पाहिली नाही.

सोमारीचा नवरा लटारू रोजंदारीवरचा वाटाड्या. अकरा वर्षं झाली तरी रोजंदारीवरच. दर उन्हाळ्यात त्याला घरी बसवायचे आणि दर पावसाळ्यानंतर परत बोलवायचे. वाघ कुठल्या नाल्यानं गेला हे तो मातीकडे बघून सांगे, पण पुढच्या महिन्यात आपण कामावर असू की नाही हे त्याला कुठेच बघून सांगता येत नसे. कायम होण्याचा त्याचा अर्ज वामनरावांनी चारदा लिहून दिला होता. चारही अर्ज कुठेतरी सुखात होते.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरहून मोठे साहेब आले. फेरीची वाट स्वतः चालून बघणार होते. आदल्या दिवशी माझ्या खांबाला टेकूनच वामनरावांनी बेत केला.

"हे पाह्य, लटारू. साहेब अन् मी उजवीकडून निघतो. तू घंट्याभरानं चहाची किटली अन् गरम आलूबोंडे घेऊन डावीकडून ये. वाट गोल आहे, कुठी ना कुठी भेटशीनच. साहेबाच्या पोटात बोंडे गेले का मी तुहा अर्ज समोर करतो."

"अन् नाई केली सही तं?"

"तं मंग मी पाचवा अर्ज लिहीन. पण बोंडे थंडे नको होऊ देऊ."

लटारूनं अर्जाची घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

सकाळी सोमारी झाडायला आली. नवऱ्याच्या आयुष्याचा दिवस, म्हणून तिनं पदरानं माझी धूळ पुसली आणि नेहमीपेक्षा जास्त मनापासून मला डावीकडे वळवून पाण्याला गेली.

साहेब आले. नवे बूट, गळ्यात दुर्बीण. वामनरावांनी उजवीकडे हात केला.

"बाण तर डावीकडे आहे," साहेब म्हणाले.

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. बाण चुकीचा म्हणावा, तर तो त्यांच्याच देखरेखीखाली लावलेला. बरोबर म्हणावा, तर बेत गेला. त्यांनी नोकरीतला जुना उपाय केला. गप्प राहिले. दोघं डावीकडून गेले.

तासाभरानं लटारू किटली आणि डबा घेऊन आला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. या जंगलात बाण बघून चालणाऱ्यांतला तो नव्हता. जमिनीवर साहेबांच्या बुटांचे ठसे स्पष्ट उमटले होते, पण जन्मभर वाघाचा माग काढलेल्या माणसाला साहेबाचा माग काढावा असं सुचलं नाही. तोही डावीकडून गेला. सात किलोमीटरच्या गोल वाटेवर चहा साहेबांच्या मागे चालू लागला.

साडेनऊच्या सुमारास साहेब उजवीकडून बाहेर आले. एका पायानं जरा लंगडत होते. सोमारी पाणी भरून परतली होती.

"लटारू कुठी आहे?" वामनरावांनी विचारलं.

"ते तं डाव्या अंगानं गेले. तुमाले भेटले नाई?"

वामनरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजे मागून येऊन राह्यला, साहेब. आता उजवीकडून गेलो का समोरच भेटते. धा मिनटं."

भुकेला माणूस हिशेब तपासत नाही. साहेब निघाले. जाता जाता वामनरावांचा हात सवयीनं वर गेला आणि त्यांनी मला उजवीकडे वळवलं.

हिशेब खराच होता. फक्त लटारूनंही तिकडे हिशेब केला होता. पाच किलोमीटर चालूनही साहेब भेटले नाहीत, तेव्हा ते मागेच कुठेतरी पाखरं बघत बसले असतील आणि आपण त्यांना ओलांडून पुढे आलो, असं त्यानं ठरवलं आणि आल्या वाटेनं माघारी वळला. पावणेअकराला तो डावीकडून बाहेर आला. किटली गार, बोंडे गार, चेहरा त्याहून गार.

"ते तुमाले भेटाले उजव्या अंगानं गेले," सोमारी म्हणाली.

लटारूनं किटली उचलली आणि उजवीकडे पळायला निघाला. तिनं त्याचा सदरा धरला.

"बसा इथी. आता हालू नोका. गोल वाटेवर कोण्या एकानं तरी थांबावं लागते."

मी तीन वर्षं थांबलेलाच होतो, त्यामुळे मला तिचं म्हणणं पटलं.

साडेबारा वाजता साहेब डावीकडून आले. चौदा किलोमीटर झाले होते. एका बुटाचा तळ वामनरावांच्या हातात होता. साहेब माझ्या खाली दगडावर बसले. लटारूनं किटली पुढे केली, त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग सोमारीनं स्वतःच्या जेवणाचा वाळल्या भोपळ्याचा तुंबा काढला आणि पानाच्या द्रोणात तांदळाची पेज ओतून दिली. साहेब तीन द्रोण प्याले. नंतर त्यांनी वर पाहिलं.

"सकाळी हा बाण डावीकडे होता."

लटारूचा हात खिशावर गेला, आतल्या कागदाला जपावं तसा.

"म्या फिरवला," सोमारी म्हणाली. "रोज फिरवते. देव उजव्या हाताले पायजे. तुमी दुसऱ्या खेपेले उलटे गेले, म्हून बूट फाटला."

वामनराव खाली बघत म्हणाले, "अन् मी रोज सांजच्याले परत फिरवतो, साहेब. नकाशात तसंच आहे."

"किती दिवस?"

"तीन साल."

साहेबांनी बुटाचा तळ वामनरावांच्या हातातून घेऊन उलटून पाहिला. मला वाटलं, आज आपण सरपणात जाणार आणि आपल्याबरोबर हा अर्जही.

"नकाशा बदलायचा तर प्रस्ताव नागपूरला जाणार," ते सावकाश म्हणाले, "आणि माझ्याच टेबलावर येणार. तो मी वाचायला घेईपर्यंत मी निवृत्त होईन. देव हलवणं माझ्या अखत्यारीत नाही. उरला हा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा फिरतो. मग त्याला रीतसर फिरवायला माणूस हवा. तुझ्या खिशात काय आहे रे?"

लटारूनं अर्ज काढला. घामानं शाई पसरली होती. साहेबांनी मांडीवर ठेवून त्यावर शेरा मारला: फलकाची दिशा वेळोवेळी पाहण्याकामी अर्जदारास कायम ठेवण्यात यावे.

लटारूला वाचता येत नव्हतं. वामनरावांनी त्याला दोनदा वाचून दाखवलं. मग तो उठला, गार बोंड्यांचा डबा उघडला आणि आधी सोमारीला दिला.

याला सहा वर्षं झाली. वामनराव मुलचेऱ्याला बदलून गेले. साहेब निवृत्त झाले. माझा रंग उडाला, शेपटाकडून वाळवी लागली. लटारू मात्र खाकी कपड्यांत रोज दोनदा येतो, सकाळी डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे. उन्हाळ्यातही येतो. त्याला आता कोणी घरी बसवत नाही.

परवा शहरातले एक सज्जन फेरी मारायला आले. मला हलवून पाहिलं आणि म्हणाले, किती हा हलगर्जीपणा, एक खिळा मारायला काय होतं? ते हातोडी शोधायला विश्रामगृहाकडे गेले. सोमारीनं हातोडी कुठे लपवली ते तिलाच ठाऊक, पण त्यांना ती सापडली नाही.

तेव्हा वाचकहो, कधी इकडे आलात तर पाहिजे तिकडून जा, दोन्ही बाजूंनी इथेच याल. मी हलताना दिसलो तर हलू द्या. दुसरा खिळा मारायचं मनात आणू नका. माझ्या एका खिळ्यावर एक माणूस कायम झाला आहे.