टिकली लावलेली दोन बटणं

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. २०१६ साली डब्लिनच्या सँडीफोर्डमध्ये, केतकीच्या जेवणाच्या टेबलावर माझी नोकरी सुरू झाली. ती चीजच्या एका कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होती. तिथल्या प्रत्येक सरकत्या पट्ट्याशेजारी माझ्यासारखाच एक कीबोर्ड असणार होता. कुणाचा हात अडकला, तर कीबोर्डवरून एक आज्ञा द्यायची आणि सगळे पट्टे थांबवायचे. ती आज्ञा नेमकी कशी द्यायची, हे केतकीला ठरवायचं होतं.

आधी तिने एकच बटण ठेवलं. मांडीवरच्या दोन वर्षांच्या ईशानीने माझ्यावर थाप मारली आणि चाचणीतला अख्खा कारखाना ठप्प!

"मॅमी, ऑल गॉन!" ईशानी खूश.

"असं रोज झालं, तर वैतागून लोक ते बटणच काढून टाकतील गं," केतकी म्हणाली.

मग तिने एकमेकांपासून लांबची तीन बटणं निवडली. ईशानीला काही जमेना. पण नात सांभाळायला नागपूरहून आलेल्या सासूबाई, अलकनंदाताई, म्हणाल्या, "माझा एक हात मशीनमध्ये अडकलाय असं समज. आता तिसरं बटण काय नाकाने दाबू?"

केतकी हसली आणि मग तिने तीन बटणांचा तो बेत खोडून टाकला.

ईशानी झोपली की ती माझ्यापाशी बसायची. शेवटी शेजारशेजारची दोन बटणं ठरली. एका हाताने, तोंडाने 'एक' म्हणेपर्यंत दाबून धरायची. ईशानी थाप मारून हात उचलायची, म्हणून तिला जमेना. आजींनी त्या दोन बटणांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या, डोळे मिटले, डावा हात पाठीमागे घेतला आणि चाचपून बरोबर दाबली. "जमलं की!"

कारखान्यातही त्या बटणांवर उंचवटे लावले. पुढच्या वर्षी तिथल्या डेकलनचा फोन आला. "केतकी, आज आमच्या इथे काम करणाऱ्या नीव्हची बाही पट्ट्यात गेली. तिने न बघता दाबलं. हाताला नुसता ओरखडा. शी इज ग्रँड, एकदम ठीक आहे ती."

फोन ठेवून केतकी ईशानीची बोटं एकेक करून कुरवाळत बसली.

आता मी प्रेसमध्ये असतो; इथे कपाटाला प्रेस म्हणतात. माझ्या फटींत बिस्किटाचा चुरा आहे. कधीतरी पुसा, बरं वाटेल. आणि मित्रांनो, दुसऱ्यासाठी काही बनवाल, तेव्हा ते घाबरलेल्या माणसालाही जमेल ना, एवढं बघा.