बुक्क्या खाणारा बाक

मी एक जुना बाक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, आज माझे डोके ठिकाणावर नाही.

सुताराने मला घडवले ते मुलांनी वह्या टेकवाव्यात म्हणून. शाळेने मोडीत काढल्यावर मी इंग्रजीच्या शिकवणीत आलो आणि माझी रया गेली. इथल्या सरांची एक पद्धत आहे. लांबलचक इंग्रजी नाम आले की ते त्याचे तुकडे करतात. हलक्या तुकड्याला बोटाची टिचकी, जोराच्या तुकड्याला बुक्की. दोन्ही खायच्या मीच. 'हॉस्पिटल'मध्ये पहिल्याच तुकड्यावर बुक्की बसते. त्याला शेपटी जोडून हॉस-पि-ट-लाय-झे-शन केले, की ती थेट पाचव्यावर जाते. 'शन' आला की त्याच्या आधीच्याला मान, असे सर म्हणतात. माझ्या फळीला खळगा पडला, त्याबद्दल ते काहीच म्हणत नाहीत.

पण कहर केला तो आयाबाईंनी. रुग्णालयात बावीस वर्षे पेशंट उचलून त्यांची कंबर गेली होती. माईकवर इंग्रजीत पुकारा करण्याची, बसून करायची जागा निघाली होती आणि सोमवारी तिची परीक्षा होती. ती हुकली तर पुन्हा स्ट्रेचर ढकलायचे. त्या रोज यायच्या आणि सहाच्या सहा तुकड्यांना बुक्क्या घालायच्या.

"ताई, बुक्की एकच. किती वेळा सांगू?" सर वैतागले.

"एकाला मान द्यायचा आणि बाकीच्यांना नुसता हात लावायचा, हे मला नाही जमत, सर. वॉर्डात आम्हाला सगळे सारखेच."

"मग आधी धावता कुणाकडे?"

"जो जास्त कण्हतो त्याच्याकडे."

"इथे 'झे' कण्हतोय असं समजा."

बाईंनी हात उचलला. मग चार टिचक्या, एक बुक्की, एक टिचकी. बुक्की नेमकी खळग्यात. माझा डावा पाय निखळता निखळता राहिला, आणि कौतुक मात्र बाईंचे.

सोमवारनंतर दोन दिवस त्या फिरकल्या नाहीत. मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, पण करमेना. तिसऱ्या दिवशी आल्या, कंबर सांभाळत बसल्या आणि न बोलता माझ्यावर वाजवले. टिचकी, बुक्की, टिचकी.

"सिलेक्शन?" सरांनी विचारले.

बाईंनी मान डोलावली, आणि त्याच खळग्यावर कपाळ टेकून रडल्या. तेवढा वेळ मला माझे दुखणे आठवले नाही.

आता त्यांनी वॉर्डातल्या आणखी दोघींना इकडे पाठवले आहे. मित्रांनो, मारा, हव्या तेवढ्या बुक्क्या मारा. पण माझा डावा पाय अजून सैल आहे, आणि कुणीतरी कंबर धरून जिना चढते आहे. ती वर यायच्या आत तेवढा खिळा ठोका.