नव्याला निधी, जुन्याला शाबासकी

मी एक जुना वाचक आहे. चष्मा लावून खुर्चीत बसणारा नव्हे. मी एक सॉफ्टवेअर आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे लिहिलेले असते ते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, मी मोठ्याने वाचतो. मित्रांनो, काय वाचायचे हे मला निवडता येत नाही. साबणाची जाहिरात असो की कुणी गेल्याची बातमी, समोर आले की वाचून मोकळे व्हायचे.

मला एका बहिणीने बनवले. तिच्या दादाची दृष्टी ऐन बाविशीत गेली, आणि पडदा वाचणारे विकतचे सॉफ्टवेअर घराच्या ऐपतीबाहेरचे होते. ती छापखान्यात मजकुराची मांडणी करायची. कामावर जाण्याआधी गॅसवर दूध ठेवून ती मला घडवायला बसे. किती वेळा दूध उतू गेले, तेव्हा कुठे मला धड एक वाक्य बोलता आले. ते ऐकून दादा हसतच सुटला.

"अगं, याला सर्दी झालीय का?"

"फुकटात एवढंच मिळतं," ती म्हणाली.

माझ्या जोरावर दादाला एका रुग्णालयाच्या तपासणी विभागात नोकरी लागली. फोन आला की मी पडद्यावरचा अहवाल त्याच्या कानात वाचायचो आणि तो पलीकडच्या माणसाला समजावून सांगायचा. 'घाबरू नका' हे मात्र तो स्वतःच्या मनाने म्हणायचा. अकरा वर्षे आम्ही दोघांनी ती खुर्ची सांभाळली.

बहिणीने मला कुलूप लावले नाही. माझ्या पोटातली प्रत्येक ओळ जगाला उघडी ठेवली. कुणीही न्यावी, वापरावी, सुधारावी. याला ओपन सोर्स म्हणतात. नेणारे पुष्कळ निघाले, सुधारणारे बोटांवर मोजण्याइतके. एका कंपनीने तर मला आपल्या यंत्रांत घालून ती यंत्रे विकली. कॉम्प्युटर बदलले की माझे काहीतरी बिघडायचे, आणि मग त्या कंपनीचे पत्र येई: 'तातडीचे. आमचे ग्राहक खोळंबले आहेत.' बहीण बिचारी रजा टाकून मला दुरुस्त करी. मला त्या पत्रांचा अजून राग येतो.

मग रुग्णालयाने जाहीर केले की सहा महिन्यांत सगळे कॉम्प्युटर बदलणार. नव्या कॉम्प्युटरवर मी मुका होणार होतो. दुरुस्तीला चार-पाच महिन्यांचे पूर्णवेळ काम होते. नोकरी सांभाळून ते होण्यासारखे नव्हते, म्हणून बहिणीने एका संस्थेकडे निधी मागितला. तिथले साहेब अगदी गोड बोलले.

"तुमचं काम मोठंच आहे हो, ताई. पण दुरुस्तीला आमच्याकडे तरतूद नसते. काहीतरी नवीन दाखवा."

"अहो, पण तो मुका होईल!"

"ते खरंय. पण मी अहवालात काय लिहू?"

बहिणीने विचार केला, नवीन काम झटपट उरकू आणि उरलेल्या वेळात दुरुस्ती करू. तिने अर्जात लिहिले: 'आनंदी आवाज'. निधी लगेच मंजूर झाला. तिने बिनपगारी रजा घेतली. पण आनंद काही मला झटपट जमेना. कधी मी भलत्याच शब्दावर खिदळायचो, कधी वाक्य अर्धे सोडायचो. त्यात संस्थेला दर पंधरवड्याला प्रात्यक्षिक हवे असायचे.

"अगं, हसायचं राहू दे," दादा म्हणाला. "आधी त्या नव्या कॉम्प्युटरचं बघ."

"संस्थेचे पैसे घेतलेत, दादा. त्यांचं काम आधी."

प्रामाणिक माणसाचे असे होते. सहा महिने सरले, आनंदी आवाज तयार झाला, संस्थेच्या कार्यक्रमात टाळ्या पडल्या. दुरुस्तीला नुसता हात लागला होता.

सोमवारी रुग्णालयात नवे कॉम्प्युटर आले. दादाने कानाला हेडफोन लावला. फोन वाजला आणि मी गप्प. तीन दिवस शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्याला अहवाल वाचून दाखवले. चौथ्या दिवशी विभागाच्या साहेबांनी त्याला घरी पाठवले.

मग रुग्णालयाचे पत्र घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आले. तिथे मी अजून बोलत होतो, पण बहिणीने चाचणीसाठी तिथे नवा आवाज घातला होता. दादाने बटण दाबले.

"कळवण्यास खेद वाटतो," मी हसत्या आवाजात वाचू लागलो, "की आपली सेवा आजपासून समाप्त करण्यात येत आहे."

बहीण दारातच थबकली. दादाने पुन्हा बटण दाबले. मी पुन्हा तितक्याच आनंदाने वाचले. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण दुसरा आवाज काढणे माझ्या हाती नव्हते.

"आवाज छान झालाय गं," दादा म्हणाला.

मित्रांनो, जे रोज बिनबोभाट चालते त्याच्यामागे कुणीतरी एकटे राबत असते. तुम्ही मोठे व्हाल, कुणाला निधी द्यायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसाल. तेव्हा त्या माणसाला 'नवीन काय?' असे विचारण्याआधी 'काय मोडलंय?' एवढे विचारा. आणि तो जे सांगेल, त्यासाठी पैसे द्या.